बेसवाल्याची ओळख: सीमाभागातल्या एका रॉक बँडचं निवेदन कसं चुकलं आणि पुन्हा कसं बांधलं

हे सगळं एका वाक्यावरून घडलं. ते वाक्य मी लिहिलं होतं आणि माईकवरून मीच म्हटलं होतं. बेळगाव परिसरात गेली बावीस वर्षं मी निवेदन करतो. गणेश मंडळांचे ऑर्केस्ट्रा, शाळांची स्नेहसंमेलनं, लग्नाचे रौप्यमहोत्सव, गावोगावची साहित्य संमेलनं, सगळीकडे जातो. या लेखात ज्यांचा उल्लेख आहे त्या पाचही कलाकारांनी हा मजकूर आधी वाचला आहे. त्यांची आणि बँडची नावं त्यांच्याच सांगण्यावरून दिलेली नाहीत. पाचही जण इथं आपापल्या कामावरून ओळखले जातील, आणि त्यांना तेच बरं वाटलं.

पार्श्वभूमी

गायक शहापूरचा, विणकराच्या घरातला. गिटार वाजवणारी मुलगी निपाणीची, बेळगावात शिकायला आली आणि इथंच नोकरीला लागली. ड्रमवाला कॅम्पातला, उद्यमबागेत एका फौंड्रीत कामाला. हलगीवाला कडोलीच्या बाजूच्या एका खेड्यातला, घरची शेती. बेस गिटार वाजवणारा बैलहोंगल तालुक्यातला. घरची भाषा कन्नड, पण बेळगावात दहा वर्षं काढलेली, त्यामुळे मराठी आपल्यासारखीच बोलतो, शिव्यांसकट.

सराव वडगावात गायकाच्या काकांच्या मागाच्या शेडमध्ये चालतो, माग बंद असतात त्या दिवशी. सुताचा बारीक कोंडा हवेत तरंगत असतो. गिटारच्या तारेवरून बोट फिरवलं की बोटाचं टोक पांढरं होतं. ड्रमवाला सुरू करण्याआधी फडक्याने एकेक झांज पुसतो.

गाणी त्यांची स्वतःची आहेत, बहुतेक मराठी, दोन कन्नड. एका गाण्याचा ताल सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेत जोगतिणींच्या चौंडक्यावर ऐकू येतो तसा आहे. तो हलगीवर घेतला आहे आणि त्यावर गिटार फाटक्या, खरखरीत आवाजात चालते. मला हे संगीत मनापासून आवडतं. आपल्या भागातल्या तालांना त्यांनी पाहुण्यासारखं सजवून खुर्चीवर बसवलेलं नाही, घरच्या माणसासारखं कामाला लावलं आहे.

आमच्याकडे लोकांना ऑर्केस्ट्रा माहीत आहे, बेंजो पार्टी माहीत आहे, झांजपथक आणि भजनी मंडळ माहीत आहे. रॉक बँड म्हटलं की पुढच्या रांगेतला माणूस हाताची घडी घालून बसतो. कोण काय वाजवतोय, हा एवढ्या जोरात का ठोकतोय, चार तारांची ती दुसरी गिटार कशाला, असे प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर दिसतात. म्हणून दुसऱ्या गाण्यानंतर ओळख असते. बँड एकच ताल धरून ठेवतो, निवेदक एकेकाचं नाव घेतो, थोडी गंमत करतो आणि तो वादक चार-आठ आवर्तनं एकटा वाजवतो. रॉकच्या मैफलींत ही पद्धत जगभर आहे. आमच्याकडे तिचं काम मोठं, कारण घडी घातलेले हात तिथंच सुटतात. या ओळखीसाठी बँडने मला बोलावलं होतं.

काय बिघडलं

गणेशोत्सवातला कार्यक्रम, शहरातल्या एका मंडळाचा मंडप, दिवसभर पावसाची रिपरिप. मी घरून कागदावर पाच ओळखी लिहून नेल्या होत्या. गायक, गिटार, ड्रम, हलगी यांच्या ओळखी झाल्या, लोक हसले, टाळ्या पडल्या. बेसवाल्याची पाळी आली तेव्हा मी म्हणालो:

“आणि हा आमचा कानडी अण्णा! सरावाला अर्धा तास आम्ही काय बोलतोय ते ह्याला कळत नाही, म्हणून बिचारा शेवटपर्यंत एकच सूर धरून बसतो!”

त्या रात्रीचा सगळ्यात मोठा हशा यालाच आला. त्याने चार आवर्तनं वाजवली, मान खाली घालून. मला वाटलं, वाजवण्यात रमलाय.

पुढच्या दोन सरावांना तो आला नाही. पहिल्यांदा ताप म्हणाला, दुसऱ्यांदा फोनच उचलला नाही. मला हे कळलं दहाव्या दिवशी, गायकाकडून. त्या कार्यक्रमाला बेसवाल्याची आई गावाहून आली होती. मुलगा काय वाजवतो ते तिला पहिल्यांदाच बघायचं होतं. तिला मराठी फारसं येत नाही. घरी जाताना रिक्षात तिने त्याला विचारलं, “निन्न नोडि याक नक्करु?” तुला बघून ते का हसले?

त्याला उत्तर देता आलं नाही.

सीमाभागाबाहेरच्या वाचकाला हे एवढं मोठं का झालं, असं वाटेल. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव त्यावेळच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासून बेळगाव महाराष्ट्राचं की कर्नाटकाचं हा प्रश्न इथल्या घराघरात आहे. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा चालू आहे. दर १ नोव्हेंबरला शहराच्या एका भागात कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसऱ्या भागात मराठी भाषक काळा दिवस पाळतात. बाजारात मात्र भाजीवाली दोन्ही भाषांत भाव सांगते आणि कुणालाच त्यात काही वाटत नाही. त्यामुळे ‘कानडी’ हा शब्द गल्लीत मित्राने मित्राला म्हटला तर वेगळा, आणि माईकवरून हजार माणसांसमोर म्हटला तर वेगळा. बावीस वर्षं माईक हातात धरून मला हे माहीत असायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट नंतर लक्षात आली, आणि तिनेच पुढची सगळी दिशा ठरवली. माझा विनोद खोटा होता. एकदा नाही, दोनदा खोटा. त्याला मराठी कळत नाही हे खोटं. तो एकच सूर धरून बसतो म्हणजे काही करत नाही, हेही खोटं. बेस गिटारच्या चार तारा गिटारच्या सगळ्यात जाड चार तारांच्या एक सप्तक खाली लावलेल्या असतात. सगळ्यात जाड तारेचा सूर साधारण ४१ हर्ट्झचा. पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमशी बेसवाला आपला ठोका जुळवतो आणि गाण्याचा षड्ज खाली धरून ठेवतो. तो हलला तर वरचे चौघे पडतात. पण मंडळांच्या मंडपात बहुतेक भोंगे असतात आणि भोंगा इतका खालचा सूर सोडून देतो. त्या रात्री लोकांना बेस ऐकूच आला नव्हता. त्यांना फक्त एक माणूस शांत उभा दिसला, आणि मी त्या शांततेवर हशा मिळवला.

समोर कोणते पर्याय होते

पुढचा कार्यक्रम खानापुरात होता, पहिल्यानंतर तेविसाव्या दिवशी. म्हणजे हाताशी तेरा दिवस. बेसवाला सोडून आम्ही पाचजण शेडमध्ये बसलो.

ड्रमवाल्याचं म्हणणं, ओळखच नको. नावं घ्या आणि गाणं सुरू करा. हे सगळ्यात सुरक्षित होतं. पण मग पुढच्या रांगेतले हात घडीतच राहिले असते, आणि बेसवाल्याचं नाव यापुढे घेताना आपण घाबरतो, एवढंच त्याला दिसलं असतं.

दुसरा पर्याय गंभीर परिचयाचा. जन्म, शिक्षण, गुरू, पारितोषिकं. आमच्या संमेलनांत पाहुण्यांचा परिचय असाच होतो आणि लोक तेवढ्या वेळात चहाला उठतात. पाचातल्या चौघांना गुरूच नाही, ते ऐकून-बघून शिकलेत. परिचय दोन ओळींत संपला असता.

प्रत्येकाने आपली ओळख आपणच करावी, हा गायकाचा पर्याय मला काही वेळ पटला होता. माझ्या तोंडचा माईक काढून घेतला की धोकाच संपला. पण हलगीवाला म्हणाला, “मला माईकवर दोन शब्द बोलायचं म्हटलं की घसा कोरडा पडतो सर. मी हातानं बोलतो की.” स्वतःबद्दल गंमत करायला सांगितलं की लाजरा माणूस स्वतःला कमी लेखतो, हे मी कितीतरी मंचांवर बघितलं आहे. लोक हसतात आणि तो खाली उतरतो तेव्हा थोडा लहान झालेला असतो.

चौथा पर्याय विनोद ठेवून नव्याने लिहिण्याचा. तो मीच मांडला, आणि तो मांडायचा मला त्या दिवशी फारसा अधिकार नव्हता. गिटारवाली म्हणाली, “लिवा की. पण ज्याच्यावर हाय त्यानं आधी वाचायचं.” तिथं चर्चा थांबली. पुढे जे झालं त्याचं मूळ तिच्या या एका वाक्यात आहे.

पहिला निर्णय: आधी माफी की आधी मजकूर

गायकाला वाटत होतं की नवीन, चांगली ओळख लिहून घेऊनच बेसवाल्याकडे जावं, म्हणजे त्याला दिसेल की आपण सुधारलो. मला ते पटलं नाही. हातात कागद घेऊन गेलो असतो तर ती माफी त्या कागदाच्या मंजुरीसाठी झाली असती. मी रिकाम्या हाताने गेलो. रिकामा म्हणजे बेळगावचा कुंदा मात्र घेतला होता, कारण त्याच्या आईला भेटायचं होतं.

बैलहोंगलच्या बसमध्ये दीड तास मी कन्नड वाक्यं जुळवत होतो. माझं कन्नड बाजारापुरतं. अव्वांसमोर, म्हणजे त्याच्या आईसमोर, बसल्यावर त्यातलं निम्मं विसरलं. “तप्पु नंदु,” चूक माझी, एवढं म्हणालो आणि बाकीचं बेसवाल्याने सांगितलं, मी त्या रात्री म्हटलेल्या वाक्याच्या अर्थासकट. तो अर्थ तिला त्याच्याच तोंडून ऐकायला लागला याचं मला अजून वाईट वाटतं.

अव्वांनी लगेच काही म्हटलं नाही. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाचटणी वाढली. जेवण झाल्यावर बोलता बोलता त्यांनी गावच्या बयलाटाची गोष्ट काढली. बयलाट म्हणजे उघड्यावर रात्रभर चालणारं कन्नड लोकनाट्य. त्यात कुणीही राजा, राक्षस, राणी रंगभूमीवर आली की सारथी त्यांना अडवतो आणि विचारतो, तुम्ही कोण, कुठले, कशासाठी आलात? पात्र मग स्वतःच्या तोंडाने, नाचून, थाटात आपली ओळख देतं. सारथी मध्येच थट्टा करतो, पण उत्तर पात्राचंच असतं. अव्वा म्हणाल्या, तुमच्या खेळात सारथीच सगळं बोलून मोकळा झाला, माझ्या मुलाला विचारलंच नाही.

मला तमाशातली बतावणी आठवली. तिथंही सोंगाड्याला उत्तर देणारा कुणीतरी समोर असतो, आणि चेंडू दोन्ही बाजूंनी जातो. माझ्या ओळखीत चेंडू एकाच बाजूने जात होता. वाजवणाऱ्याला फक्त वाजवायचं होतं, आणि ते वाजवणं माझ्या बोलण्याला उत्तर नव्हतं, त्याचं शेपूट होतं.

बेसवाला दुसऱ्या दिवशी सरावाला आला. मला माफ केलं असं काही म्हणाला नाही. त्याने गिटार लावली, इतकंच.

दुसरा निर्णय: कुणी लिहायचं

ठरलं ते असं. पाचजण शेडमध्ये गोल बसतात, प्रत्येकाने आपल्या उजव्या हाताला बसलेल्याची ओळख लिहायची. ज्याची ओळख आहे त्याला कुठलीही ओळ कारण न सांगता खोडायचा हक्क. माझं काम भाषा घासायची आणि वेळ मोजायची. मंचावर मी सारथी: प्रश्न विचारायचा, ओळख शेजाऱ्याने सांगायची, उत्तर वाद्याने द्यायचं.

कारण न सांगता खोडायचा हक्क फार महत्त्वाचा ठरला. हलगीवाल्यावर ड्रमवाल्याने लिहिलं होतं की हा बारशात, लग्नात आणि मयतात सारखाच वाजवतो. हलगीवाल्याने ते वाचलं आणि पेनने एक आडवी रेघ मारली. कुणी काही विचारलं नाही. हलगीभोवती जातीचा मोठा इतिहास आहे. कुणाच्या घरी वाजवायला बोलावलं जातं आणि कुणाला अंगणाबाहेर उभं केलं जातं, हे त्या वाद्याशी बांधलेलं आहे. ड्रमवाल्याच्या मनात तसं काही नव्हतं. पण कारण सांगायची सक्ती असती तर हलगीवाल्याला तो इतिहास मित्रांसमोर उलगडून दाखवावा लागला असता, किंवा गप्प बसावं लागलं असतं. एका रेघेने त्याची त्यातून सुटका झाली.

मग ड्रमवाल्याने दुसरं लिहिलं. ते कुठून आलं ते सांगायला हवं. हलगीचं कातडं पावसाळी हवेत ओलावतं, सैल पडतं आणि आवाज बसतो. म्हणून वाजवण्याआधी ती तापवावी लागते. सरावाच्या दिवशी हलगीवाला शेडच्या दारात उकिडवा बसतो, घमेल्यात जुने कागद आणि चिपाडं पेटवतो आणि जाळावर हलगी धरून फिरवतो, पापड भाजावा तशी. मधूनमधून अंगठ्याने टिचकी मारून ऐकतो. पहिली टिचकी ‘धप्प’, मग ‘ढुम’, आणि शेवटी खणखणीत ‘टण्ण’ आली की जाळ विझवतो. ड्रमच्या पडद्यांना हे लागत नाही, कारण १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून ते कातड्याऐवजी प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचे निघाले. ड्रमवाल्याला याचा थोडा हेवा वाटतो, असं त्याने स्वतःच सांगितलं.

त्याची नवी ओळख: “बाकी वादक वाद्य लावतात, हा शिजवतो! पाऊस आला की आम्ही छत्री शोधतो, हा काडेपेटी शोधतो. विचारा त्याला, आज शिजलंय का कच्चं आहे?” आणि हलगीवाल्याचं उत्तर: एका हातातल्या जाड टिपराचा एक घाव, दुसऱ्या हातातल्या बारीक काडीची एक लकेर. शिजलंय.

गायकावर गिटारवालीने लिहिलं: “ह्याच्या घरात चार माग. ‘आई, भाकरी वाढ’ म्हणायचं तरी वरच्या पट्टीत म्हणावं लागतं. लोक गाणं शिकायला क्लास लावतात, ह्यानं भाकरी मागून आवाज कमावला.” गायकाच्या आईने हे ऐकून पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, खरं हाय, एकदा ओरडलास तेव्हा शेजारच्यांनी भाकरी आणून दिली होती. ते वाक्यही आम्ही ओळखीत घातलं.

ड्रमवाल्यावर गायकाने लिहिलं: “दिवसभर फौंड्रीत ठोकतो, त्याचा पगार येतो. संध्याकाळी इथं ठोकतो, तर घरचे विचारतात, ह्याचा पगार कुठाय?” ड्रमवाल्याने यात एक बदल मागितला, ‘घरचे’ काढून ‘बायको’ घाला म्हणाला. बायकोला फोन करून विचारायला लावलं. तिने परवानगी दिली.

गिटारवालीवर मी पहिल्या कार्यक्रमात म्हटलं होतं की मुलगी असूनही एवढी जोरात वाजवते. ते तिला खटकलं होतं, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून बोलली नव्हती. आता बोलली. “मुलगी असूनही म्हणजे काय? पेडलवर बोला की. सात पेडल हाईत माझ्याकडं, त्यावर कायबी बोला.” पेडल म्हणजे गिटारचा आवाज बदलायला पायाने दाबायची छोटी पेटी. बेसवाल्याने तिच्यावर पेडलची ओळख लिहिली.

तिसरा निर्णय: कोणत्या भाषेत

खानापुरात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे. आयोजकांपैकी एकाचं म्हणणं निवेदन मराठीतच हवं, दुसऱ्याचं म्हणणं सुरुवात कन्नडने हवी. मी आधी मराठीत लिहून कन्नडमध्ये भाषांतर करायचं ठरवलं आणि तिथं पुन्हा अडलो.

बेसवाल्याची ओळख हलगीवाल्याने लिहिली होती, आणि ती मराठीत फक्कड होती: “आमच्या गावात चांगल्याला ‘बेस’ म्हणत्यात. पोरगी बघून आलं तरी बेस, पाऊस पडला तरी बेस. आमच्यातला बेस हा!” यातली सगळी गंमत ‘बेस’ या शब्दात. कन्नडमध्ये नेली की ती गळून जाते. मी दोन संध्याकाळी झटलो, काही जमलं नाही. बेसवाला बाजूला तारा पुसत बसला होता. मान वर न करता म्हणाला, “सर, बेस इद्रे बेसर इल्ल.”

बेसर म्हणजे कंटाळा, उदासी. बेस असला की कंटाळा नाही. मराठीतला विनोद मराठीत राहिला आणि कन्नडमध्ये कन्नडचा स्वतःचा निघाला, त्याच एका शब्दातून. त्यानंतर भाषेचा प्रश्न आम्ही असा सोडवला: ओळख सांगणारा आपल्या सोयीच्या भाषेत सांगेल, भाषांतर कुणी करणार नाही. बेसवाल्याची ओळख मात्र दोन ओळींची, एक हलगीवाल्याची, एक त्याची स्वतःची. दोन्ही आयोजक याला कसेबसे राजी झाले.

याच वेळी गायकाने सुचवलं की बेस ऐकू यावा म्हणून खालचे सूर काढणारा मोठा स्पीकर, सबवूफर, भाड्याने घ्यावा. मानधनातले अडीच हजार रुपये त्यात गेले. मला वाटतं या सगळ्या प्रकरणात सगळ्यात बरोबर खर्च झालेले पैसे तेच.

कार्यक्रमाआधी एक चाचणी घेतली. वडगावातल्या चहाच्या टपरीवर पाचही ओळखी मी वाचल्या, ज्यांचा बँडशी काही संबंध नाही अशा सात-आठ माणसांसमोर. हमाल होते, दोन कॉलेजची मुलं होती, टपरीवाला मामा होता. पेडलवर कुणीच हसलं नाही. मामाने विचारलं, सायकलचं पेडल? तेव्हाच मी तो भाग बदलायला हवा होता. वेळ नव्हता म्हणून राहू दिला.

काय झालं

खानापूर, पाऊस थांबलेला, मैदानात चिखल. हलगीवाला मंचामागे घमेलं पेटवून बसलेला आणि भोवती दहा-बारा पोरं. त्याची ओळख तिथंच अर्धी झाली.

दुसऱ्या गाण्यानंतर ताल धरला. गायक, ड्रम, हलगी, तिघांनाही हशा आणि उत्तरालाही टाळ्या. हलगीचं ‘शिजलंय’ इतकं रंगलं की हलगीवाल्याने ठरलेल्या आठ आवर्तनांची चोवीस केली, आणि मी त्याला थांबवलं नाही. पेडलची ओळख पडली, टपरीवर पडली होती तशीच. गिटारवालीने त्या शांततेत पाय एका पेडलवर दाबून असा किंचाळणारा सूर काढला की लोक दचकले आणि मग हसले. तिने स्वतःला वाचवलं, मजकुराने नाही.

बेसवाल्यासाठी वेगळी योजना होती. मी विचारलं, “हा कोण, कुठला, कशासाठी आला?” उत्तर आलं नाही. चौघांनी बेसशिवाय आठ आवर्तनं वाजवली. गाणं चालू होतं, पण पोकळ, खालून जमीन काढून घेतल्यासारखं. मग बेसवाल्याने सगळ्यात जाड तार छेडली. मंचाच्या फळ्या पायाखाली थरथरल्या, पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या माणसाने छातीवर हात ठेवला. हलगीवाला माईकवर आला, घसा कोरडा पडलेला, तरी म्हणाला, “बेस हाय का न्हाय?” लोक ओरडले, “बेस!” आणि बेसवाल्याने माईक घेऊन त्याची ओळ म्हटली. कन्नड बाजूने आधी हशा आला, मग मराठी बाजूनेही, कारण ‘बेसर’ इथं सगळ्यांना कळतो.

मागच्या बाजूला चार-पाच पोरांनी कन्नड ओळीवर आवाज काढला होता. म्हणून सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. पण तो आवाज हशात बुडाला.

लाउडस्पीकरला रात्री दहापर्यंतच परवानगी. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे, आणि सणासुदीची वाढीव सवलत या कार्यक्रमाला नव्हती. ओळखी लांबल्यामुळे शेवटचं गाणं, नेमकं कन्नड गाणं, म्हणता आलं नाही. बेसवाला त्यावर काही बोलला नाही, पण मला ते लागलं.

अव्वा आल्या नाहीत. त्यांनी फोनवर व्हिडिओ कॉलने बघितलं. नंतर बेसवाल्याने सांगितलं, त्यांनी एवढंच विचारलं, या वेळी ते लोक हसले तेव्हा तूही हसत होतास का? तो हो म्हणाला.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या रात्रीच मंचावरून उतरल्यावर बेसवाल्याचा चेहरा मी बघायला हवा होता. हशा मोठा आला की निवेदक त्या हशातच अडकतो, मी अडकलो. तेव्हाच विचारलं असतं तर रिक्षातला तो प्रश्न त्याला एकट्याला झेलावा लागला नसता.

ओळख लिहून त्या माणसाला आधी वाचायला देणं ही गोष्ट बावीस वर्षांत मी एकदाही केली नव्हती. गिटारवालीने एका वाक्यात सांगितली.

भाषांतराचा नाद मी फार वेळ धरला. कन्नड ओळ कन्नड बोलणाऱ्याकडून पहिल्या दिवशी मागितली असती तर दोन संध्याकाळी वाचल्या असत्या, आणि पेडलचा भाग बदलायला वेळ मिळाला असता.

आणि वेळ मोजायचं काम माझं होतं, ते मी हलगीच्या नादात सोडलं. पुढच्या कार्यक्रमात कन्नड गाणं आधी घेतलं आहे, ओळखीच्या अगोदर, म्हणजे घड्याळ काही झालं तरी ते सुटणार नाही. पेडलवाली ओळख अजून जमलेली नाही. बेसवाल्याने चौथा खर्डा लिहिलाय, गिटारवालीने त्यातल्या दोन ओळी खोडल्यात, आणि रविवारी शेडमध्ये तो पुन्हा वाचायचा आहे.